रात्रपाळी संपल्यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं: कामगारांचं यात खरंच भलं होतं का?

विश्वामित्री | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. नंदेसरीच्या बाजूला एका केमिकल कंपनीत एचआरमध्ये आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नका. साधारण साडेतीनशे माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी. पाळ्या तीन: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा.

दोन महिन्यांपूर्वी वरून निरोप आला की कर्मचारी कल्याणासाठी माइंडफुलनेस सुरू करा. मला मनापासून आनंद झाला. मी स्वतः चार वर्षं ध्यानाला बसते. आईच्या आजारपणात त्यानंच मला उभं ठेवलं. म्हणून हे काम मी मागून घेतलं. पाळी सुटली की बसमध्ये बसण्याआधी ट्रेनिंग हॉलमध्ये दहा मिनिटं डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं, एवढंच ठरवलं होतं.

सकाळच्या आणि दुपारच्या पाळीचं बरं चाललं. नाईटवाले मात्र तिसऱ्या मिनिटाला झोपतात. एकाचं डोकं शेजारच्याच्या खांद्यावर असतं, तोही झोपलेला. मी कुणाला उठवत नाही. मागच्या आठवड्यात एक पॅनल ऑपरेटर (कंट्रोल रूममध्ये बसून प्लँटवर नजर ठेवणारे), वयानं माझ्या वडिलांएवढे, सगळे गेल्यावर थांबले. म्हणाले, "बेन, आंखो बंध करवानुं तो शीखवो छो, रात्रे त्रण वाग्ये खुल्ली केवी रीते राखवी ए कहो." डोळे मिटायला शिकवतेस, रात्री तीन वाजता ते उघडे कसे ठेवायचे ते सांग. रागानं नाही, अगदी शांतपणे विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दर महिन्याला किती जण बसले याचा आकडा वर द्यावा लागतो. बंद करू? वेळ बदलू? तुमच्या कामाच्या ठिकाणी काय केलंय?

श्वासोच्छ्वास | सोमवार, रात्री ११.१५

ताई, बंद करू नका. मी गेली काही वर्षं हे शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज कंपन्यांमधून जे चालतं त्याचं मूळ १९७९ सालात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. औषधांनी दुखणं पूर्ण जात नाही अशी ती माणसं. आठवड्यातून एकदा अडीचेक तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौन आणि घरी रोज पाऊण तास सराव. म्हणजे मूळ गोष्ट बरीच कष्टाची होती. आणि मुख्य म्हणजे लोक आपणहून यायचे.

तुमची दहा मिनिटं या मापात कमी आहेत असं मी म्हणणार नाही, थोडाही सराव उपयोगी पडतो. पण रात्रभर जागलेल्या शरीराला डोळे मिटायला सांगितलं तर ते झोपणारच. त्याला तेच हवं असतं. नाईटवाल्यांसाठी ही वेळ चुकलीय एवढं नक्की.

अलकापुरी_नाईट | सोमवार, रात्री ११.५२

मी आयटीत आहे, अमेरिकेच्या वेळेवर काम, त्यामुळे आत्ता 'सकाळ' आहे माझी :)

आमच्याकडे ध्यानाचं अ‍ॅप फुकट दिलंय. छान आहे, खरंच. क्लायंटच्या कॉलआधी तीन मिनिटं श्वास मोजते तेव्हा आवाज थरथरत नाही, आधी थरथरायचा. त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पण ज्या आठवड्यात अ‍ॅप मिळालं त्याच आठवड्यात टीममधले दोघे सोडून गेले आणि त्यांची कामं आमच्यात वाटली. नवीन माणूस सात महिने आला नाही. मी रात्री नऊ तासांची बारा तास बसायला लागले. श्वास मोजून मोजून किती मोजणार? शेवटी मॅनेजरला लिहिलं की मला अ‍ॅप नको, माणूस द्या. माणूस आला तेव्हा माझी झोप परत आली.

तुमच्या त्या काकांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मांडवीकर | मंगळवार, सकाळी ६.२०

मी एकतीस वर्षं प्लँटवर काढली. फील्डवर सुरुवात, शेवटची चौदा वर्षं पॅनलवर. निवृत्त होऊन आता नातवाला शाळेत सोडतो. पहाटे उठायची सवय काही गेली नाही.

पोरी, त्या माणसानं तुला विचारलं याचा अर्थ त्याला तू आपली वाटलीस. एचआरला कुणी असं विचारत नाही.

रात्री तीन ते पाच या वेळेत काय होतं ते सांगतो. अंग गार पडतं, डोळे उघडे असतात पण दिसत नाही. पॅनलवर प्रेशर वाढताना मी बघतोय आणि मला ते कळत नाहीये, असं माझं दोनदा झालंय. दुसऱ्या वेळेस अलार्म वाजल्यावर मी तो हातानं बंद केला आणि का बंद केला ते मला आठवेना. फील्डवरचा मुलगा धावत आला म्हणून निभावलं. त्या रात्री माझी लागोपाठ सहावी नाईट होती, आणि आदल्या दिवशी रिलीव्हर, म्हणजे मला सोडवणारा माणूस, आला नाही म्हणून सलग दोन पाळ्या मारलेल्या. भोपाळची गॅस २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीच सुटली, आणि त्या युनिटवरची माणसं त्याआधीच कमी केलेली होती. आमच्या पिढीच्या ऑपरेटरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता तुझ्या ध्यानाबद्दल. आमचे उस्ताद होते, शिकलेले फारसे नव्हते. पाळीचा चार्ज घ्यायच्या आधी त्यांनी कधी लॉगबुक उघडलं नाही. आधी प्लँटमध्ये एक फेरी, एकट्यानं, न बोलता. पंपाच्या बेअरिंगजवळ उलटा हात धरायचे, गरम आहे का बघायचे. उभं राहून आवाज ऐकायचे. वास घ्यायचे. मग येऊन सुटणाऱ्याला विचारायचे, "तीन नंबरचा आवाज कधीपासून बदललाय?" त्याला माहीतच नसायचं. त्यांनी आम्हाला हेच शिकवलं. मी तरी याहून मोठं ध्यान पाहिलं नाही. आणि ते नोकरीच्या वेळेत होतं, बस चुकवून नाही.

कायदा_कट्टा | मंगळवार, सकाळी ९.०५

थोडक्यात लिहितो, कोर्टात जायचंय.

पाळी सुटल्यावर सक्तीनं बसवत असाल आणि हजेरी घेत असाल तर तो वेळ कामाचा धरावा असा दावा कामगार करू शकतात, आणि माझ्या मते तो रास्त आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं घालून दिलेली मापं अशी होती (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली, त्यामुळे आजचे नियम तपासून घ्या): दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, पाच तासांच्या पुढे सलग काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, जास्तीच्या कामाला दुप्पट दर.

आपल्या गुजरातमधलीच गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये साथीचं कारण देऊन राज्य सरकारनं कारखान्यांना बारा तासांचा दिवस आणि जादा कामाला साधाच दर अशी मोकळीक दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० ला ती रद्द केली. कामगाराचं भलं या विषयावर बोलायचं तर माझ्यासारख्याची सुरुवात इथून होते.

वडाची_सावली | मंगळवार, दुपारी २.३०

मी समुपदेशक आहे. उद्योगांमधले लोक माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा उशिरा.

विश्वामित्री, तुम्हाला वर दाखवायला काहीतरी हवं असेल म्हणून आधी हे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. माइंडफुलनेस, ताण हाताळायचे वर्ग, झोपेची अ‍ॅप असे उपक्रम घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली, तर घेतलेल्यांची अवस्था काही चांगली दिसली नाही. हा एका वेळच्या माहितीवरचा अभ्यास आहे, त्यामुळे 'ध्यानाचा उपयोग नाही' असं त्यातून सिद्ध होत नाही. ठरवून केलेल्या प्रयोगांमध्ये माइंडफुलनेसचा काही प्रमाणात फायदा दिसलेला आहे. पण कंपनीनं माणसाला बदलायचं आणि काम तसंच ठेवायचं, हे पुरत नाही एवढं त्यातून दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही व्यक्तीसाठीच्या उपक्रमांच्या जोडीला कामाची रचना बदलणं, वरिष्ठांना प्रशिक्षण देणं हे आहे. याच संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण स्वतःला दुबळा समजून येतो, म्हणून मी हे त्यांना वाचून दाखवते.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. डोळे मिटून आत बघणं सगळ्यांना मानवत नाही. ज्यांनी अपघात पाहिलाय, घरात मार खाल्लाय, अशांना त्या शांततेत नको ते वर येतं. केमिकल प्लँटमध्ये भाजलेला सहकारी पाहिलेली माणसं असणारच. त्यामुळे सक्ती नको, डोळे उघडे ठेवायची मुभा हवी, आणि कुणी उठून गेलं तर त्याची नोंद नको. हजेरीचा आकडा वर पाठवणं तर आजच थांबवा असं मी म्हणेन. नोटीस बोर्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ लावा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, आपल्या भाषेत बोलता येतं.

छाणीचा_थांबा | मंगळवार, रात्री ८.४५

ताई, मी तुमच्याच पट्ट्यात आहे, कंपनी वेगळी असेल. अकरा वर्षं कंत्राटी. हेल्पर म्हणून लागलो, आता सुपरवायझर आहे, पण कंत्राटदाराचाच.

आमच्याकडेही हे सुरू झालं. पहिले तीन आठवडे फक्त कायमवाल्यांना बोलावलं. आम्ही बाहेर उभे. नंतर आम्हालाही बसवलं, तर आमची बस निघून जायची. कायमवाल्यांची बस थांबते, कंत्राटदाराची थांबत नाही. मग छाणी जकातनाक्यापर्यंत मिळेल त्या छकडा रिक्षात. सकाळी सातला सुटलेला माणूस नऊला घरी. पोरं शाळेत गेलेली. माझी धाकटी मला आठवड्यातून एकदाच जागी दिसते.

शिकवणाऱ्या बाई फार गोड बोलायच्या. त्यांचा दोष नाही. त्या म्हणाल्या, मनात जो विचार येईल त्याच्याकडे नुसतं बघा. माझ्या मनात रोज एकच विचार यायचा की बस गेली.

विश्वामित्री | मंगळवार, रात्री ९.३०

छाणीचा_थांबा, तुमचं वाचून मी ऑफिसच्या ग्रुपवर बसची वेळ शोधली. आमच्याकडेही तसंच आहे. कंत्राटी बस सव्वासातला सुटते, मी सात पंचवीसपर्यंत बसवते. दोन महिने मी हे विचारलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटतंय. उद्यापासून नाईटचं सत्र बंद करते, परवानगी नंतर मागेन.

मांडवीकर काका, तुमच्या उस्तादांची फेरी मी दोनदा वाचली.

दांडियाबाजार | बुधवार, सकाळी ७.१०

या विषयाचं आपल्या गावाशी फार जुनं नातं आहे, म्हणून लिहितो. मी अरविंद निवासात, म्हणजे श्री अरविंद इथे राहायचे त्या घरात, नेमानं जातो.

श्री अरविंद १८९३ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. आधी महसुलाच्या, मुद्रांकाच्या खात्यांत कागद हलवले, मग कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं. १९०६ मध्ये इथून गेले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेचं काँग्रेस अधिवेशन उधळलं, त्यानंतर ते परत बडोद्याला आले आणि त्यांची विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार तुझे नाहीत, बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधीच परत लाव. अरविंदांनी तसं केलं आणि मन निश्चल झालं, असं त्यांनी स्वतः पुढे सांगितलंय.

मी कितीदा तरी ही गोष्ट सांगितली असेन, पण हा धागा वाचताना एक वेगळंच जाणवलं. तेव्हा सगळं गाव त्यांच्या मागे होतं, लोक भेटायला टपलेले, मित्र शोधत होते. त्या तीन दिवसांत ते कुणाला सापडले नाहीत. आधी दार बंद झालं, मग मन शांत झालं. ज्याचा फोन खिशात वाजतोय आणि बस हॉर्न देतेय, त्याला ते दार कोण बंद करून देणार?

छाणीचा_थांबा | बुधवार, रात्री ९.२०

दांडियाबाजार, तुम्ही बडोद्याचा इतिहास काढलात म्हणून मीही एक लिहितो. आमच्या घरी ही गोष्ट लहानपणापासून सांगतात.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत शिकले आणि कराराप्रमाणे १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीला इथे आले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. राहायला जागा कुणी देईना, म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. वरचा मोठा अंधारा हॉल, अडगळ भरलेली, एक मिणमिणता दिवा, वटवाघळं. तिथे ते वाचत बसायचे, सगळं विसरावं म्हणून. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि बाहेर काढलं. मग कमाटीबागेत पाच तास बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले.

अवधान म्हणता ना, त्या माणसाइतकं अवधान कुणाचं होतं? त्या हॉलमध्ये त्या दिव्याखाली पुस्तक वाचू शकणारा माणूस. त्याच्या मनाला काही झालं नव्हतं, कचेरीला झालं होतं.

मी दर वर्षी सप्टेंबरात संकल्पभूमीला, म्हणजे बाबासाहेब बसले होते त्या जागेला, जातो. वडाखाली बसतो. मलाही तिथे शांत वाटतं, ध्यानच म्हणा. पण आमच्या कँटीनमध्ये कंत्राटीवाल्यांचे पेले वेगळ्या रॅकवर असतात. कुणी जातीवरून ठेवत नसेल, पण पेला उचलताना मला दर वेळी आठवतं.

वडाची_सावली | बुधवार, रात्री १०.०५

हे वाचून काही वेळ काहीच लिहू शकले नाही. धन्यवाद दादा.

श्वासोच्छ्वास | गुरुवार, सकाळी ८.००

छाणीचा_थांबा, मी नम्रपणे एक सांगतो आणि एक मान्य करतो.

मान्य हे करतो की आजवर ज्या कंपन्यांनी मला बोलावलं त्यांना मी कधीही विचारलं नाही की पाळ्या कशा फिरतात, कंत्राटी लोक बसतात का, हजेरी वर जाते का. यापुढे पहिल्या फोनलाच विचारीन. उत्तर नीट मिळालं नाही तर जाणार नाही.

सांगायचं हे की सरावानं माणूस अन्याय सोसायला शिकतो, असा समज असेल तर तो माझ्या अनुभवात खरा नाही. लक्ष द्यायला लागलेला माणूस पेल्यांची रॅक पाहतो. अलकापुरी_नाईट यांनी श्वासही मोजला आणि मॅनेजरला पत्रही लिहिलं.

अलकापुरी_नाईट | गुरुवार, सकाळी ८.१२

+१. पत्र मी श्वास मोजूनच पाठवलं होतं. हात कापत होते.

मांडवीकर | गुरुवार, सकाळी ८.४०

विश्वामित्री, मॅनेजमेंटकडे जाशील तेव्हा पाळ्या कोणत्या दिशेनं फिरतात ते आधी बघ. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे फिरली तर अंगाला सोसते. आमच्याकडे बरीच वर्षं उलटी फिरायची, रात्र, दुपार, सकाळ. अकराला सुटायचं आणि सुट्टी रद्द झाली की सातला परत हजर. घरी जाऊन जेवून पडेपर्यंत एक वाजायचा. आणि लागोपाठ नाईट दोन-तीनच ठेव, सहा नको. याला खर्च काही नाही, फक्त बोर्डावरचा कागद बदलायचा आहे.

विश्वामित्री | साडेपाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.१५

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं, म्हणून जे झालं आणि जे झालं नाही ते दोन्ही लिहिते.

हजेरीचा आकडा पाठवणं थांबवलं. वरून विचारणा झाली. मी फ्लेमिंग यांचा अभ्यास आणि कायदा_कट्टा यांचे मुद्दे एका पानावर लिहून दिले. साहेबांनी अभ्यासावर काही विचारलं नाही, जादा वेळेच्या दुप्पट दराबद्दल मात्र दोनदा विचारलं. त्यानंतर परवानगी मिळाली.

मग मी ट्रेनिंग हॉल सोडला आणि तीन आठवडे पाळी बदलताना कंट्रोल रूममध्ये नुसती उभी राहिले. काहीही शिकवलं नाही. माणसं हळूहळू बोलायला लागली. सर्वांत जास्त जण काय म्हणाले असतील? रोस्टर. पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी संध्याकाळी कळते. लग्न, दवाखाना, मुलांची परीक्षा, काहीच ठरवता येत नाही. माझ्या यादीत हे नव्हतंच. आता रोस्टर पंधरा दिवस आधी लागतं. नवरात्र तोंडावर आहे. गरब्याहून रात्री एकला आलेला माणूस सातला पॅनलवर नको, म्हणून या नऊ दिवसांची पाळी लोकांनी आपापसात ठरवून दिली. ज्यांना गरबा नको होता त्यांनी सकाळ घेतली.

पाळ्या पुढे फिरायला लागल्या. लागोपाठ नाईट सहाच्या चार झाल्या, तीन नाही झाल्या, माणसं कमी पडतात म्हणून. त्यासाठी अजून भांडतेय. कंत्राटी बस सात पस्तीसला सुटते. पेल्यांची रॅक एक झाली. छाणीचा_थांबा, हे तुमच्यामुळे. आमच्याकडेही होती आणि मी चार वर्षं तिथेच चहा पीत होते.

ध्यान पूर्ण बंद नाही. दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटं हॉल उघडा असतो, यायचं त्यानं यावं. रोज आठ-दहा जण येतात. आणि मांडवीकर काका, चार्ज घेताना दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, आधी बघायचं, ऐकायचं, मग लॉगबुक, हे शिफ्ट इन्चार्जनी स्वतःहून उचललं. मी फक्त तुमचा प्रतिसाद छापून त्यांच्या टेबलावर ठेवला होता.

मांडवीकर | रविवार, संध्याकाळी ७.००

छापलास? उस्ताद असते तर त्यांना दाखवला असता. त्या पॅनलवाल्या माणसाला उत्तर दिलंस का?

विश्वामित्री | रविवार, संध्याकाळी ७.२५

त्यांनीच दिलं, काका. मी विचारलं, तुम्हीच सांगा तीन वाजता काय हवं. म्हणाले, वीस मिनिटं पाठ टेकायला मिळाली तर पहाटेपर्यंत मी जागा. आता रात्री पावणेतीनला शिफ्ट इन्चार्ज स्वतः पॅनलवर बसतात आणि ते ऑपरेटर काका मागच्या खोलीत आडवे होतात. तिथे एक बाकडं होतं, त्यावर गादी टाकलीय. दोन फील्ड ऑपरेटरांचं पॅनलचं ट्रेनिंगही सुरू केलंय, म्हणजे इन्चार्जवर भार नको. परवा सकाळी सुटताना काका माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "बेन, काल तीनला अलार्म आला तो माझ्या आधी साहेबांनी पाहिला. त्यांना सांगा, पुढच्या वेळी मला उठवा."